मूल सांगत नाहीये पण काहीतरी बिनसलंय: अत्याचाराच्या खुणा कशा ओळखायच्या आणि मग काय करायचं

बदलापूरची केस सगळ्यांना आठवत असेल, ऑगस्ट २०२४ ची. शाळेतल्या सफाई कामगाराने बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप, पोलिसांनी तक्रार लिहून घ्यायला लावलेले कित्येक तास, मग लोक रुळावर उतरले, लोकल बंद, हायकोर्टाने स्वतःहून घेतलेली दखल, हे सगळं टीव्हीवर पाहिलं आपण. पण ते मुळात बाहेर आलं कसं हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. एका मुलीने घरी सांगितलं की शूच्या जागी दुखतंय, दुसरी शाळेत जायला घाबरत होती, आणि पालक एकमेकांशी बोलले, डॉक्टरकडे घेऊन गेले. बास, एवढंच. कुठल्याही घरात "उन्हाळी लागली असेल" नाहीतर "शाळेचा कंटाळा आलाय" म्हणून सहज सोडून दिल्या असत्या अशा दोन तक्रारी.

मी प्राथमिक शाळेत काउन्सेलर आहे. पालक मीटिंग संपली की हमखास एखादी आई मागे रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते, मॅडम, हे नॉर्मल आहे ना? त्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लांबलंय, तुकड्या तुकड्याने वाचलंत तरी चालेल.

आधी हे डोक्यात पक्कं करा

अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको, हे आपण सगळे शिकवतो. शिकवा की, पण एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे आकडे दरवर्षी एकच सांगतात, पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) नोंदवलेल्या बलात्काराच्या केसेसमध्ये ९० टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. नात्यातला, शेजारचा, क्लासचा, व्हॅनवाला, वयाने मोठा चुलत-मावस भाऊ, कधी बाप. आणि बायका असा प्रकार करतच नाहीत असंही नाही.

दुसरं, "मला मुलगा आहे, मला काय टेन्शन" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांत मोठा अभ्यास केला होता, बारा हजारांवर मुलांशी बोलून. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यात निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. मारहाणीचं म्हणाल तर दर तिघांत दोघं. आपला पोक्सो कायदा, २०१२ चा, मुलगा-मुलगी असा फरक करत नाही, १८ च्या आतलं कोणीही त्यात येतं.

आणि तिसरं, एकच एक अशी खूण नसते की ती दिसली आणि निकाल लागला. मी स्वतः तीन गोष्टी बघते: मूल आधी होतं त्यापेक्षा बदललंय का, सांगितली जाणारी गोष्ट आणि दिसणारी गोष्ट जुळतेय का, आणि तेच तेच परत होतंय का. यातल्या दोन एकत्र दिसल्या तर मी गप्प बसत नाही. सिद्ध करणं हे आपलं काम नाहीये, ते पोलिसांचं आणि कोर्टाचं. आपण फक्त वेळेत बघायचं आणि कळवायचं.

अंगावरचे वळ, डाग, चटके

पोरं पडतात, त्यांचं ते कामच आहे. गुडघा, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी इथे खरचटलं, निळं पडलं तर त्यात काही विशेष नाही, जिथे हाड वर असतं तिथेच पडल्यावर लागतं. लक्ष कुठे द्यायचं तर कान, गाल, मान, पोट, पाठ, ढुंगण, मांडीची आतली बाजू. खेळताना कान सहसा निळा पडत नाही, कान पिरगाळल्यावर किंवा कानाखाली जोरात बसल्यावर पडतो. आणि जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभं राहत नाही त्याच्या अंगावर माराचा डाग यायचं कारणच काय? चार महिन्यांच्या आतल्या बाळाला तर एवढासा डाग दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टर.

इथे एक गडबड होते ती सांगून ठेवते. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना जन्मतःच कंबरेच्या खाली, ढुंगणावर निळसर करडे चट्टे असतात, मोठं होता होता आपोआप फिके पडतात. नवीन आलेली पाळणाघरातली ताई ते बघून घाबरते किंवा आई पाळणाघरावर संशय घेते. फरक सोपा आहे, माराचा डाग चार-आठ दिवसांत रंग बदलतो, हिरवट पिवळट होतो आणि जातो, जन्मखूण तेवढ्या दिवसांत आहे तशीच राहते. तसंच बिब्बा. गावाकडे अजून बिब्ब्याचं तेल लावतात आणि कातडी भाजल्यासारखी सोलवटते, बघणाऱ्याला वाटतं चटका दिला. मेळघाटात तर बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके द्यायची प्रथा आहे, डंबा म्हणतात. तिथे कुणाचा छळायचा हेतू नसतो हे मान्य, पण बाळ भाजलेलं असतं ते असतंच, त्याला आधी दवाखान्यात न्यायचं, प्रथेवर वाद नंतर घाला. अशा प्रकरणांत गुन्हेही दाखल झालेत.

वळाचा आकार बघा. वायर दुमडून मारली तर लांबट यू सारखा वळ उठतो. छडी जोरात बसली तर दोन समांतर रेघा येतात आणि मधली पट्टी मोकळी राहते, पट्ट्याचं बक्कल, पाच बोटं, चावल्याचा अर्धगोल, हे एकदा पाहिलं की विसरत नाही माणूस. भाजल्याचंही तसंच, चुकून चहा सांडला तर डाग वेडावाकडा, शिंतोडे उडालेले, कडा धूसर असतात. हातपाय धरून गरम पाण्यात बुडवले तर वर सरळ रेघ दिसते, मोजा किंवा हातमोजा घातल्यासारखी, आणि दोन्ही पायांना सारखीच. बिडी-सिगारेटचा चटका छोटा गोल आणि कडा स्पष्ट. उलथनं, चमचा, इस्त्री टेकवली तर त्या वस्तूचाच आकार उमटतो.

पण माझ्या मते आकारापेक्षाही जास्त सांगते ती गोष्ट. पलंगावरून पडला म्हणतात आणि दोन्ही गाल सुजलेत. आई एक सांगते, आजी दुसरं सांगते, पुढच्या आठवड्यात तिसरंच. हात मोडला मंगळवारी आणि दवाखान्यात आणलं शुक्रवारी. दर वेळी वेगळा डॉक्टर, कारण पहिल्याने जास्त प्रश्न विचारले. आणि मुलाला विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी ते मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. मे महिन्यात फुल बाह्यांचा टीशर्ट आणि पीटीला कपडे बदलायला नकार, कुणी हात वर केला की लगेच डोकं झाकून घेणं, हे पीटीच्या सरांना वर्गशिक्षकांच्या आधी दिसतं, त्यामुळे सरांनो तुम्हीही वाचा.

शाळेतल्या माराबद्दल दोन शब्द, कारण यावर लोक हमखास भांडतात. "आम्हाला गुरुजींनी फोडून काढलं म्हणून आम्ही घडलो." असेल बाबा. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, २००९ पासूनचा कायदा आहे हा. अंगठे धरून उभं करणं, वर्गासमोर जातीवरून, रंगावरून, फी भरली नाही यावरून अपमान करणं यात येतं. आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला मारलं, छळलं, टाकून दिलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग तो घरचा का असेना.

लैंगिक अत्याचाराच्या खुणा

इथे सगळ्यात मोठा गैरसमज हा की अंगावर काहीतरी दिसेलच. बहुतेक वेळा दिसत नाही. डॉक्टरी तपासणी नॉर्मल आली याचा अर्थ काही झालंच नाही असा होत नाही, बरेच प्रकार असे असतात की जखम होतच नाही आणि झाली तरी पटकन भरते. तरीही शूच्या किंवा शीच्या जागी दुखणं, खाज, रक्त, चड्डीवर डाग, चालताना बसताना त्रास, परत परत होणारं युरिन इन्फेक्शन, यातलं काही दिसलं तर मेडिकलमधून मलम आणून लावत बसू नका, दाखवा.

जास्त करून वागण्यात दिसतं. दोन वर्षं कोरडं राहणारं मूल अचानक अंथरूण ओलं करायला लागतं, अंगठा चोखायला लागतं, झोपेतून किंचाळत उठतं, लाईट बंद करू देत नाही. अंघोळ घालताना, कपडे बदलताना अंग आखडतं. पोट दुखतं पण डॉक्टरला काहीच सापडत नाही, आणि नीट बघितलं तर ते फक्त क्लासच्या दिवशीच दुखतंय. आवडत्या माणसाच्या घरी जायला एकदम नकार. मोठ्या मुलांमध्ये मार्क घसरणं, मित्र तुटणं, हातावर ब्लेडचे कट, घरातून निघून जाणं, जेवण टाकणं किंवा नुसतं खात सुटणं. मुलगे बऱ्याचदा रडत नाहीत, मारामाऱ्या करतात, आणि मग आपण त्यांच्यावर "वाया गेलाय" असा शिक्का मारून मोकळे. याच्या उलटही असतं, मूल अचानक अति शहाणं होतं, काही मागत नाही, भांडत नाही, सगळे कौतुक करतात आणि कुणाच्या मनातही येत नाही.

आता यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कारणाने पण होते. घरात नवीन बाळ आलं, बदली झाली, आईबाबांची भांडणं चालू आहेत, वर्गात कुणी त्रास देतंय, आजोबा गेले. म्हणून लगेच घाबरून जाऊ नका पण सोडूनही देऊ नका. दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिता त्यावरच खूण करत जा, आज पोट दुखलं, आज ओलं केलं, आज क्लासला जायला रडला. दोन-तीन आठवड्यांत बघा हे कशाला चिकटलंय, कुठल्या वाराला, कुठल्या जागेला की कुठल्या माणसाला. मात्र दुखतंय, रक्त दिसलं, किंवा मुलाने थोडं जरी तोंडाने सांगितलं तर कॅलेंडर वगैरे काही नाही, त्याच दिवशी हालचाल करायची.

लहान मुलांचं स्वतःच्या अंगाला हात लावणं यावरून खूप आया हादरतात. तीन ते पाच-सहा वर्षांचं मूल स्वतःच्या शूच्या जागेला हात लावतं, "बाबांना असं का आहे" विचारतं, बरोबरीच्या पोरांसोबत डॉक्टर-डॉक्टर खेळताना चड्डी काढतं, आणि तुम्ही "चल बाहेर खेळू" म्हटलं की विसरून जातं, हे त्या वयाचं कुतूहल आहे. काळजी कधी करायची? मोठ्या माणसांच्या कृती तपशिलात करून दाखवतंय, बाहुलीवर किंवा लहान भावंडावर तेच करतंय, जबरदस्ती करतंय, सांगूनही थांबत नाहीये, घरात कधी न वापरलेले शब्द वापरतंय. कधी कधी ते मोबाईलवर बघितलेलं असतं, पण ते कुणी दाखवलं हा प्रश्न मग उरतोच, कारण मुलाला मुद्दाम असले व्हिडिओ दाखवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे.

मुलाइतकंच मोठ्या माणसाकडेही बघा

हा भाग कुणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहिते. अत्याचार करणारा आधी मुलाचा नाही, घरच्यांचा विश्वास मिळवतो. तो मदतीला धावणारा असतो, गॅस संपला की सिलेंडर आणून देणारा, "वहिनी तुम्ही जा बिनधास्त, मी आहे ना पोरांजवळ" म्हणणारा. मग हळूहळू मुलासोबत एकटं राहायची कारणं निघतात. जादा शिकवणी, पण फक्त एकालाच. गाडीवरून चक्कर. मग गिफ्ट, तुम्हाला न सांगता दिलेलं. मग छोटे नियम मोडणं, "आईला सांगू नको हं, आपलं सिक्रेट", आणि ते सिक्रेट सुरुवातीला फक्त आईस्क्रीमचं असतं. त्याला बघायचं असतं की हे पोरगं गुपित पाळतं का. मग गुदगुल्या, मस्ती, मांडीवर घेणं, मूल नको म्हणतंय तरी चालूच, आणि तुमच्या समोर, म्हणजे मुलाला वाटतं आईबाबांना चालतंय. शेवटी एखाद दिवशी तो तुम्हाला सहज म्हणतो, "तुमचा चिंटू हल्ली फार थापा मारतो हां." ही तयारी असते, पुढे चिंटूने काही सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नये म्हणून.

प्रत्येक लाड करणारा मामा असा नसतो, उगाच घराघरात संशय पेरायचा नाहीये मला. फरक कुठे पडतो? चांगला माणूस, तुम्ही "दार उघडं ठेवा", "विचारल्याशिवाय काही देऊ नका" म्हटलं की ऐकतो, फार तर थोडं वाईट वाटेल त्याला. वाईट हेतूचा माणूस नियम वाकवत राहतो, किंवा इतका दुखावतो की तुम्हीच माफी मागायला जाता.

घरात दोन सवयी बदला एवढंच म्हणेन. "जा, काकांना पापी दे, असं काय करतेस, घरचेच आहेत ना" हे बंद. नको म्हटलं की नको, नमस्कार केला तरी पुरे. आणि सरप्राइज आणि सिक्रेट यातला फरक शिकवा, सरप्राइज थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळतं आणि सगळे खूश होतात, जे कधीच कुणाला सांगायचं नसतं ते घरी सांगायचं.

"कपड्यावरूनच तर हात लावला, एवढं काय" असं म्हणणारे नातेवाईक भेटतील. जानेवारी २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने जवळपास असाच अर्थ लावला होता, त्वचेला त्वचेचा स्पर्श नाही म्हणून पोक्सोचं ते कलम लागत नाही असा. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द केला, हेतू लैंगिक आहे का ते बघायचं, मध्ये कापड होतं की नव्हतं ते नाही.

मोबाईलवरचं

गेममध्ये ओळख होते, डायमंड किंवा स्किन गिफ्ट मिळतात, मग गप्पा दुसऱ्या ॲपवर जातात, मग फोटो मागितला जातो, एकदा पाठवला की धमकी, अजून पाठव नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो. तुम्ही खोलीत आलात की स्क्रीन पटकन उलटी, रात्री दोनला ऑनलाईन, मेसेज आला की चेहरा उतरतो, माहीत नसलेला रिचार्ज, दुसरं अकाउंट, आणि फोन काढून घेतला तर नुसता राग नाही तर जीव जाईल अशी भीती. असं झालं तर पोराला झापू नका, त्याला आधीच वाटतंय सगळं संपलं. चॅट डिलीट करू नका, तो नंबर किंवा आयडी लिहून ठेवा, ब्लॉक करा, पैसे देऊ नका, सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे तिथे किंवा थेट पोलिसांत तक्रार करा. आणि प्लीज, ते फोटो "पुरावा म्हणून" सोसायटीच्या किंवा नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरवू नका, मुलांचे असे फोटो-व्हिडिओ पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि पोलिसांत न देता नुसते साठवून ठेवले तरी अडचणीत याल, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय.

न दिसणारा छळ

सतत "तू मेलास तर बरं होईल", "मुलगा हवा होता, तू आलीस" असं ऐकणारं मूल, तासन्तास कोंडून ठेवलेलं, आजारी असून औषध न दिलेलं, घरात धान्य असून उपाशी ठेवलेलं. गरिबी आणि दुर्लक्ष यात गल्लत नको, ऊसतोडीला गेलेले आईबाप मूल आजीजवळ ठेवतात तो नाईलाज आहे. पण त्याच भागात हंगामाच्या आधी घाईने मुलींची लग्नं लावली जातात, आठवी-नववीतली पोरगी एकदम शाळेत यायची बंद झाली आणि घरचे "मामाकडे गेलीय" एवढंच सांगतायत तर शिक्षकांनी तेवढ्यावर थांबू नये, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवावं. दिव्यांग मुलांना धोका जास्त असतो, अंघोळ-शी-शू सगळं दुसऱ्याच्या हातात, आणि बोलता येत नसेल तर वागण्यातला बदल "त्याच्या आजारामुळेच" म्हणून खपून जातो. त्यांना अवयवांची नावं आणि "नको" ची खूण शिकवाच.

मुलाशी बोलायचं कसं

शांत वेळ, तुम्ही दोघंच, गाडीवर किंवा भाजी निवडताना, समोरासमोर उलटतपासणी नको. "हल्ली तुला क्लासला जायला नको वाटतं ना, काय होतं तिथे?" एवढं विचारा आणि गप्प बसा. सांगायला लागलं तर "मग?", "अजून सांग" एवढंच. "सरांनी इथे हात लावला का?" असं तोंडात शब्द घालू नका, लहान मूल घाबरून हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, आणि कोर्टात समोरचा वकील नेमकं तेच पकडेल. "आधी का नाही सांगितलंस", "तू कशाला गेलीस तिकडे" हे तर अजिबात नको, आणि "देवाशपथ खरं बोल" पण नको. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, पाळता येणार नाही ते, त्याऐवजी "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" म्हणा. त्याला ऐकायचं असतं ते एवढंच की माझा तुझ्यावर विश्वास आहे, तू काही चूक केली नाहीस, सांगितलंस ते बरं केलंस.

तुमचा चेहरा सांभाळा, हे सगळ्यात अवघड. तुम्ही रडायला लागलात, ओरडलात की मूल तिथेच थांबतं, कधी कधी तुम्हाला वाचवायला "गंमत केली" म्हणतं. नंतर बाथरूममध्ये जाऊन काय रडायचं ते रडा. आणि लगेच लिहून काढा, तारीख, वेळ, मुलाचे जसेच्या तसे शब्द, त्याने "शूशू" म्हटलं तर शूशूच लिहा. मग आजी, मावशी, काका सगळ्यांसमोर परत परत वदवून घेऊ नका.

त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका. मला माहितेय हात शिवशिवतात, पण त्याला वेळ मिळाला की मोबाईल साफ होतो, मुलाला धमकी जाते, गावातले चार जण मध्यस्थीला येतात.

मग करायचं काय

प्रकार एक-दोन दिवसांतला असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट होऊन पुरावा जातो. सरकारी दवाखान्यात जितक्या लवकर जाल तितकं बरं, एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. एफआयआर झाली नसली तरी तपासणी आणि उपचार करावेच लागतात, सरकारी असो की खाजगी, पहिले उपचार फुकट. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करणार, आणि मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत राहू शकतं.

कळवायचं १०९८ वर, चाइल्डलाइन, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली हेल्पलाइन, आता सरकार चालवतं, २४ तास चालू असते, फुकट. तातडीचं असेल तर ११२. किंवा थेट पोलीस स्टेशन. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा पोक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि शाळा-संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. त्यामुळे "शाळेचं नाव खराब होईल, आपण आतल्या आत मिटवू" म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना हे कलम दाखवा. तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही हेच कलम लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुम्ही चांगल्या हेतूने कळवलंत आणि पुढे काही निघालं नाही तर तुमच्यावर केस होत नाही, मुद्दाम कुणाला अडकवायला खोटं सांगणं वेगळं. शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असते, असायला पाहिजे, पण तिथे चिठ्ठी टाकली म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही.

पोलीस स्टेशनला जायची भीती वाटते, साहजिक आहे, म्हणून हे लक्षात ठेवा: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, निदान सबइन्स्पेक्टर दर्जाची, युनिफॉर्ममध्ये नाही, आईबाबा किंवा विश्वासाचं कुणीतरी सोबत. मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही. दुसऱ्या हद्दीतलं आहे म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तिथेच नोंदवून घ्यायची तक्रार, तरी ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी तक्रार. पोलिसांना २४ तासांत बालकल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) कळवावं लागतं, आणि समिती मुलाला सपोर्ट पर्सन देऊ शकते, जी व्यक्ती दवाखाना ते कोर्ट सोबत राहते. मिळालं नाही तर अर्ज करून मागा, बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय मिळत नाही. पैशाची मदत हवी असेल तर मनोधैर्य योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

मुलाचं नाव, शाळा, बिल्डिंग, फोटो कुठेही जाऊ देऊ नका, "न्याय मिळालाच पाहिजे" च्या स्टेटसमध्येसुद्धा नाही. ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

आणि आरोपी घरातलाच निघाला, कमावता निघाला, तर सगळं खूप कठीण होतं. तेव्हा अब्रू, खर्च, धाकट्या बहिणीचं लग्न, सगळं त्या एका पोराच्या डोक्यावर येतं, आणि थोड्या दिवसांनी मूल म्हणतं, "मी खोटं बोललो होतो." हे खूप वेळा होतं, आणि ते ऐकून सगळ्यांना इतकं हायसं वाटतं की कुणी विचारत नाही, मधल्या दिवसांत त्याच्याशी कोण काय बोललं. तुम्ही विचारा. मुलाला "मग आधी का सांगितलंस" म्हणून धारेवर धरू नका, त्या माणसासोबत एकटं सोडू नका, तो माणूस त्याच घरात असेल तर बालकल्याण समितीला सांगा, त्या मुलाची राहायची दुसरी सोय करायचा अधिकार त्यांना आहे. शब्द फिरवल्याचं तारखेसकट लिहून ठेवा आणि सपोर्ट पर्सन किंवा तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवा. तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात.